उपाशी माश्या

लालबाग
२२ सप्टेंबर २०२४

दर्शना,

मायना लिहीत नाही. ‘प्रिय’ लिहिलं तर तुला नाटक वाटेल, आणि नाही लिहिलं तर आई रागावलीय असं वाटेल. रागावलेच आहे, म्हणून नाहीच लिहीत.

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस. बाबांशी मात्र बोलतेस. ते गॅलरीत कठड्याला टेकून हळू आवाजात बोलतात आणि आत येऊन सांगतात, डेपोतून फोन होता. बसचा ड्रायव्हर रविवारी संध्याकाळी डेपोतल्या माणसाला ‘जेवलीस का’ म्हणून विचारतो का गं?  त्यांच्या पाकिटातून तुझा बंगळूरचा पत्ता मी गुपचूप उतरवून घेतला. पत्र ब्लॉक करता येत नाही, एवढं मला कळतं.

आता ऐक. तुझ्या प्रयोगाच्या माश्या माझ्या धुपाने मेल्या. मी कधी नाही म्हटलं? पण चतुर्थीला गणपती बसल्यावर घरात धूप-कापूर करायचा नाही, हे मला कोण सांगणार? तू म्हणालीस, आई, सुट्टीत कॉलेजची वीज बंद असणार, एसी नसणार, माश्यांच्या बाटल्या घरी आणतेय, मखराच्या मागच्या फळीवर ठेवते, हात लावू नकोस. मी हात लावला नाही. आरतीला अख्खी चाळ आपल्या खोलीत, कापूर पेटलेला, त्यात शेजारच्या मायाने गुग्गुळ आणलेला. माणसांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तिथे माश्यांचं काय होणार, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तू मंडळाच्या रांगेत पाणी वाटायला गेलीस. मी फळी पुसायला गेले तर सगळ्या बाटल्यांच्या तळाशी माश्या पडलेल्या.  तू येऊन ते बघू नयेस म्हणून मी बाटल्या मोरीत नेल्या. आतला तो माश्यांच्या खाण्याचा रवा-गुळाचा चिकट शिरा चमच्याने खरवडला, गरम पाणी, साबण, काथ्या, आणि गॅलरीत उन्हात उपड्या घातल्या. घरात देव बसलेला, पोळ्यांची ऑर्डर तशीच पडलेली, तरी केलं. पिवळ्या पडलेल्या बाटल्या अशा चकचकीत झाल्या की दुकानात ठेवाव्यात.

तू आलीस, बाटल्या बघितल्यास आणि उंबऱ्यातच बसलीस. ओरडली असतीस तर मीही ओरडले असते, आपल्या घरात ते चालतं. तू फक्त विचारलंस, “धुतल्यास?” मी म्हटलं, हो, सगळ्या. मग तू बॅग भरलीस. गौरी घरात यायच्या आधी माझी मुलगी घरातून निघून गेली. चाळीतल्या बायकांना मी काय सांगितलं असेल, त्याचा विचार कर. इंटरव्ह्यू आहे म्हटलं. माया म्हणाली, गणपतीत इंटरव्ह्यू? मी म्हटलं, बंगळूरला गणपती नसतात.

माश्यांसाठी कोणी आई सोडतं का गं? तीन वर्षं तू त्यांना उपाशी ठेवायचीस. सगळ्यात शेवटी ज्या उरतील त्यांना खायला घालायचं, त्यांची पिल्लं वाढवायची, परत त्या पिल्लांना उपाशी ठेवायचं. कशाला, तर पिढ्यान्‌पिढ्या असं केलं की उपाशी राहून जास्त जगणाऱ्या माश्या तयार होतात म्हणे. मी तेव्हाच म्हटलं होतं, हे शिकायला गिरगावात कॉलेजला कशाला जायला पाहिजे, गिरणगावात जन्माला आलीस ते पुरे आहे. तू हसली होतीस. तेव्हा हसायचीस.

घर सुनं झालंय. मखर दरवर्षी तू सोडवतेस, एकेक पडदा घडी घालून. यंदा बाबांनी सोडवलं. त्यांना घडी येते का? पडदे, पुठ्ठे, लाइटची माळ, फळीवरचं सगळं किडूकमिडूक एका खोक्यात कोंबलं आणि टाकलं माळ्यावर. आत्ता मी त्या माळ्याखालीच बसून लिहितेय. पुढच्या वर्षी तू ते उघडशील तेव्हा शिव्या घालशील, घाल.

राग गिळून घरी ये. चौथं वर्ष आहे, शेवटचं.

आई


१३ ऑक्टोबर २०२४

दर्शना,

काल दसरा झाला. तुझ्या पुस्तकांवर सोनं ठेवलं.

त्या धुतलेल्या बाटल्या कॉलेजच्या आहेत, आपल्याकडे ठेवणं बरं नव्हे, म्हणून मी त्या पोचवायला गिरगावात गेले. तुझ्या प्रवेशाला गेले होते त्यानंतर आत्ताच. तेव्हाही मला ते कॉलेज वाटलं नव्हतं. खाली कुलूप लावलेला छापखाना, वर एवढ्याशा खोल्या, आणि वर्गात मुलं गोल करून बसलेली, हळदीकुंकवाला बसतात तशी. माश्यांच्या खोलीच्या शेजारी नाटकाचा वर्ग चालू होता. एक मुलगा जमिनीवर लोळून झाड झाला होता. तूही पहिल्या वर्षी ते केलंयस, मला आठवतं. मी विचारलं होतं, बायोलॉजी शिकायला गेलीस ना, मग झाड कशाला होतेस? तू म्हणालीस, तिथे सगळं शिकावंच लागतं, इतिहासही आणि नाटकही, त्यालाच लिबरल आर्ट्स म्हणतात. मी म्हटलं, फी नाही म्हणून शिक, फी असती तर झाड होऊ दिलं नसतं.

तुझ्या बायोलॉजीच्या सुचित्राबाई भेटल्या. मुलं त्यांना नुसतं सुचित्रा म्हणून हाक मारत होती, माझ्या अंगावर काटा आला. केस पार पिकलेत त्यांचे. मला आधी ओळखलं नाही. दर्शनाची आई म्हटल्यावर खुर्ची दिली, चहा दिला. बाटल्या टेबलावर ठेवल्या. तुझ्या माश्यांबद्दल थोडं बोलल्या. तू अजून कॉलेजला कळवलेलं नाहीस म्हणाल्या, जे झालंय तेवढं तरी लिहून दे, त्या सांभाळून घेतील.

बाकी काही विशेष नाही.

तिकडे रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागलीस असं बाबांच्या बोलण्यावरून कळलं. नळ्यांवर स्टिकर लावायचं काम. ते ऐकून रात्री जेवण गेलं नाही.

आई


४ नोव्हेंबर २०२४

दर्शू,

काल भाऊबीज झाली. फराळ केला नाही. ऑर्डरीचा केला, घरचा नाही.

मागच्या पत्रात मी ‘बाकी काही विशेष नाही’ लिहिलं, ते खोटं होतं. सुचित्राबाईंनी जे सांगितलं ते मला तुला लिहवेना. आज लिहिते, नाहीतर माझं डोकं फुटेल.

मी त्यांना म्हटलं, बाई, माझ्याकडून चूक झाली, कापराचा धूर झाला आणि माश्या मेल्या. मला वाटलं त्या चिडतील. त्या म्हणाल्या, “धुराने मोठ्या माश्या मेल्या असतील. त्या तशाही मरणारच होत्या हो. खरं सगळं खाली त्यांच्या खाण्यात होतं. अंडी, अळ्या, कोष. धूर तिथवर पोचत नाही. आठवड्याभरात नव्या माश्या बाहेर आल्या असत्या.”

मी विचारलं, मग त्या कशाने मेल्या?

 बाई समोरच्या बाटल्यांकडे बघत राहिल्या. त्यांच्यावर खिडकीतलं ऊन पडलं होतं आणि एकावरही डाग नव्हता.

दर्शू, मी तशीच उठून निघाले. जिना उतरताना मला तुझं ‘धुतल्यास?’ ऐकू आलं. मला वाटलं होतं तू साबणाचं विचारतेयस. साबण राहिला तर पुढच्या माश्यांना बाधेल म्हणून विचारतेयस. म्हणून मी एवढ्या तोऱ्यात हो, सगळ्या म्हटलं. गरम पाण्याने, असंही म्हटलं का गं मी? म्हटलं असेन.

तुला एका वाक्यात सांगता आलं असतं. आई, धुराने नाही, तू मारल्यास. चाळीसमोर सांगितलं असतंस तरी मी काय उत्तर देणार होते? तू नाही सांगितलंस. बाबांनाही नाही. ते अजून धुपालाच दोष देतात. मी इथे बसून दोन माश्यांसाठी आई सोडली म्हणून तुझ्या नावाने बोटं मोडत होते, आणि तू तिकडे ते पोटात घेऊन बसलेली. थांबली असतीस तर कधी ना कधी तोंडून निघालं असतं, म्हणून गेलीस. मला आता तसंच वाटतं. चुकत असेन तर कळव. शिवी देऊन कळव, चालेल.

मी कधी कुठलं भांडं खरकटं ठेवलं नाही. माझ्या सासूने एवढ्या एका गोष्टीसाठी माझं कौतुक केलं होतं.

आई


१९ जानेवारी २०२५

दर्शू,

बरेच दिवस लिहिलं नाही कारण सांगण्यासारखं काहीतरी होईल असं वाटत होतं. झालं नाही. तरी सांगते.

दिवाळीनंतर मी परत सुचित्राबाईंकडे गेले. विचारलं, तुमच्याकडे साध्या माश्या आहेत ना, ज्यांना दर्शनाने कधी उपाशी ठेवलं नाही? त्यांच्यापासून परत सुरू केलं तर? बाई म्हणाल्या, तीन वर्षं लागतील. म्हटलं लागू देत, दर्शनाने केलं ते मी करते, ती येईपर्यंत थोडं पुढे गेलेलं असेल.  बाई म्हणाल्या, सोमवारी या. दया आली असेल. मला दयाही चालणार होती.

म्हणून मी दर सोमवारी पोळ्यांचं काम उरकून गिरगावात जायला लागले. तुझ्या वर्गातल्या सम्यकने मला शिकवलं. नायगावचा आहे, तुला माहीतच आहे, सारखा वडापाव खात असतो. बाटली बर्फावर ठेवून माश्या झोपवायच्या, मग मायक्रोस्कोपखाली घेऊन बारीक ब्रशने नर एकीकडे, माद्या एकीकडे. नराचं ढुंगण काळं असतं. मी म्हटलं, हे बरं आहे, माणसांत एवढं स्पष्ट असतं तर पुष्कळ बायका वाचल्या असत्या. सम्यक हसून हसून पडला. पहिल्यांदा त्या नळीतून बघितलं तेव्हा माशीचे डोळे दिसले, लालभडक, आणि माझ्या तोंडून अगं बाई निघालं. तू घरी येऊन हे सगळं सांगायचीस आणि मी पोळी लाटता लाटता हूं हूं करायचे. मला आता त्या प्रत्येक हूंची लाज वाटते.

तिथे मला बरं वाटायचं, खरंच सांगते. तुझं जुनं पांढरं जॅकेट खुंटीवर होतं, ते घालायचे. तेवढ्यापुरतं तू कुठे गेलेली नाहीस असं वाटायचं.

मग उपाशी ठेवायची वेळ आली. बाटलीत नुसता चायना ग्रास, रवा नाही, गूळ नाही. तहान भागते, भूक नाही. त्यासाठी मी रोज जायला लागले; दुसऱ्याच दिवशी बऱ्याच पडल्या होत्या. उरलेल्या काचेवर चढायच्या आणि घसरायच्या, परत चढायच्या. माझं काम फक्त बघायचं आणि मेलेल्या बाजूला काढायच्या. शेवटच्या थोड्या उरल्या की बाई त्यांना खायला घालणार.

संपाच्या वेळी मी पहिलीत होते. माझे वडील गिरणीत होते हे तुला माहीत आहे. पण आम्ही पेज पिऊन झोपायचो आणि आई भिंतीकडे तोंड करून बसायची, हे मी तुला कधी सांगितलं नाही. त्या साली माझा धाकटा भाऊ गेला. तापाने गेला असं आम्ही म्हणतो. तो कशाने गेला, ते आईला माहीत होतं.

गेल्या सोमवारी मी बाईंना द्यायला तिळगूळ घेऊन गेले. बाई वर्गात होत्या. बाटलीत काचेवर थोड्याच उरल्या होत्या आणि तळाला काही अजून पाय हलवत होत्या. मेल्या नव्हत्या गं. मी कापसाचं बूच काढलं आणि गुळाचा खडा पाण्यात कालवून आत सोडला. त्या सगळ्या त्याच्यावर आल्या. तळातल्या पण आल्या. मी तिथे उभी राहून रडले.

बाईंनी बघितलं. ज्या मरायच्या त्याही जगल्या, म्हणजे कोण खरोखर टिकणारी होती ते आता कधीच कळणार नाही. ते सगळं फुकट गेलं. मी त्यांना म्हटलं, मला परत एकदा करू द्या. त्या म्हणाल्या, “कांताताई, तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण आता येऊ नका. तुम्हाला हे जमणार नाही, आणि जमू नये.”

जॅकेट खुंटीला लावून आले. तिळगूळ टेबलावर ठेवला.

तुला ते कसं जमायचं, दर्शू? तीन वर्षं तू ते बघायचीस आणि घरी येऊन माझ्याकडे दुसऱ्यांदा भात मागायचीस. मी म्हणायचे, कॉलेजात दगड फोडतेस का?

आई


१८ मे २०२५

दर्शू,

तुझ्या वर्गाला पदव्या मिळाल्या. सम्यक पेढे द्यायला घरी आला होता. तो पुढे शिकायला परदेशात चाललाय. तो म्हणाला, तिचं काम माझ्यापेक्षा चांगलं होतं, काकी. मी त्याला चहा करायला उठले ते स्वयंपाकाच्या कट्ट्यापाशीच उभी राहिले.

कॉलेज यंदापासून बायोलॉजी बंद करतंय. मुलं येत नाहीत म्हणे. साध्या माश्या पुण्याला कोणाकडे तरी देऊन टाकल्या.

बाबांना मी सरळ विचारलं, माझी पत्रं तिला मिळतात का? ते म्हणाले, मिळतात. वाचते का, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

आई


२४ ऑगस्ट २०२५

दर्शू,

हे पत्र मी टाकेन असं वाटत नाही. तरी लिहिते, कारण कोणाला तरी सांगायला हवं आणि मला दुसरं कोणी नाही.

तीन दिवसांवर गणपती आले, म्हणून काल बाबांनी माळ्यावरून मखराचं खोकं काढलं. मी पडदे झटकायला घेतले. मागचा निळा पडदा बोळा करून कोंबलेला होता. तो उलगडला आणि त्यातून एक बाटली घरंगळत येऊन माझ्या पायाला लागली.

कापसाचं बूच जागच्या जागी. काचेवर तुझ्या अक्षरात चिकटवलेली पट्टी, दर्शना, आणि खाली तारीख. बाकीच्या बाटल्यांवरच्या पट्ट्या मी काथ्याने घासून काढल्या होत्या. फळीवर पडद्याच्या आड एक राहिली असणार, मला दिसली नाही, आणि बाबांनी सोडवताना पडद्यासकट गुंडाळली.

मी तिला हात लावला नाही. म्हणजे लावला, पण पुसलं नाही. फुंकरही घातली नाही. डब्यात रुमाल घालून त्यात उभी ठेवली आणि पोळ्यांचं काम टाकून गिरगावात गेले. बाईंनी येऊ नका म्हटलं होतं, तरी गेले. जिन्यात मी देवाला काय काय बोलले ते लिहीत नाही. एक जरी हलत असेल तर, एवढंच. अकरा महिने झाले, मला काय कळत नाही का? पण उपाशी जगणाऱ्या होत्या ना त्या. मला वाटलं, कोण जाणे.

माश्यांची खोली रिकामी झालीय. मायक्रोस्कोपवर पिशवी चढवलेली. बाई खोकी भरत होत्या. त्यांनी बाटली बघितली आणि मायक्रोस्कोपवरची पिशवी काढली.

खूप वेळ बघत होत्या. मला वाटलं, काहीतरी आहे म्हणूनच एवढा वेळ लागतोय. मग त्या म्हणाल्या, “सगळं वाळलंय, कांताताई.”

मी म्हटलं, धुराने?

त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, नाही. मला खुर्चीवर बसवलं आणि काचेवर दाखवलं. काचेला तांदळाच्या कण्यांसारखे कोष चिकटलेले, सगळे रिकामे, वरून फुटलेले. म्हणजे धुरानंतर त्यातून माश्या बाहेर आल्या होत्या. आणि त्यांच्यावर अजून कोष होते, बारके, तेही फुटलेले. म्हणजे त्या माश्यांची पिल्लंही झाली होती. आत जेवढं खाणं होतं तेवढं त्यांनी संपवलं. मग ते वाळलं. बाई म्हणाल्या, साध्या माश्या दोन-चार दिवसांत गेल्या असत्या, पण ह्या दर्शनाच्या होत्या, ह्यांनी पुष्कळ दिवस काढले असतील.

मी विचारलं, कधीपर्यंत? त्या म्हणाल्या, नक्की सांगता येणार नाही. सप्टेंबरअखेरपर्यंत तर नक्कीच. कदाचित दसऱ्यापर्यंत.

दर्शू, मी तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा त्या जिवंत होत्या. त्या माळ्याखालीच बसून मी लिहीत होते की माश्यांसाठी कोणी आई सोडतं का. त्या माझ्या डोक्यावर होत्या. धुतलेल्या बाटल्या घेऊन मी जेव्हा कॉलेजला गेले, जे मेलं त्याचं काय ते ऐकायला, तेव्हाही कदाचित एखादी असेल. रवा होता घरात, गूळ होता. मी रोज शंभर माणसांच्या पोळ्या लाटते. माझ्या घरात त्या उपाशी मेल्या.

बाई म्हणाल्या, हे दर्शनाला सांगू नका. घरी आल्यावर बाबांना सांगितलं. ते ऐकत होते आणि हातातली लाइटची माळ सोडवत होते. मग म्हणाले, “तिका सांगा नको, कांता. तिका सोसवचा नाय.” आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. कोणाचा फोन नव्हता.

मला आधी वाटलं, का नको सांगू? एवढी मोठी चूक पोटात घातलीस माझी, तुला हक्क आहे. मग रात्रभर विचार केला आणि मला कळलं ते दोघं का नको म्हणतात. मखर दरवर्षी तू सोडवतेस. एकेक पडदा घडी घालून. तू राग गिळून गौरीपर्यंत राहिली असतीस, तर विसर्जनानंतर निळ्या पडद्यात ती बाटली तुझ्या हाताला लागली असती, जिवंत. हे मला एका रात्रीत कळलं, तर तुला हे पत्र वाचताना पानभरही लागणार नाही. मग तू आयुष्यभर म्हणशील, मी थांबले असते तर.

ते मी तुला म्हणू देणार नाही. धुतल्या मी. घासल्या मी. माझ्याच नावावर राहू दे सगळं.

बाटली मी धुतलेली नाही. डाळीच्या डब्यामागे ठेवली आहे. काल तीनदा हात शिवशिवला.

आई


लालबाग
२६ ऑगस्ट २०२५

प्रिय दर्शू,

उद्या गणपती बसतील. यंदा घरात धूप नाही आणि कापूर नाही. निरांजनावर आरती करायची असं मी सांगून टाकलंय. मायाने नाक मुरडलं, तुझी आत्या म्हणाली देवाला चालायचं नाही. मी म्हटलं, देवाला मी विचारते, तुम्ही मोदकांचं बघा.

मखर बाबांनी लावलं. निळा पडदा थोडा वाकडा लागलाय. माळाही या निमित्ताने आवरून झाला. जुने पुठ्ठे होते, तुझी शाळेतली चप्पल होती, ती दिली टाकून.

यायला जमलं तर ये. नाही जमलं तर तिकडे कुठेतरी गोड खा. आणि जेवत जा, बाबा म्हणतात आवाज बारीक झालाय तुझा.

बाकी काही विशेष नाही.

तुझी आई